राष्ट्रांच्या कायद्याचा पुरस्कर्ता : ह्यूगो ग्रोशिअस

वर्तमानपत्र हातीं घ्यावें, तों कोणत्या ना कोणत्या राष्ट्रानें दुसऱ्यावर कायदा मोडल्याचा आरोप केलेला वाचावयास मिळतो. एकाचें जहाज दुसऱ्यानें अडविलेलें असतें, एकाच्या वकिलाचा दुसऱ्याच्या दरबारीं अपमान झालेला असतो, किंवा केलेला तह पाळला गेला नाहीं अशी तक्रार असते. चौकस विद्यार्थ्याच्या मनांत येथें एक शंका सहज उद्भवते. गांवांत चोरी झाली तर पोलीस आहेत, न्यायाधीश आहेत, तुरुंगही आहे. पण एक राजा दुसऱ्या राजावर अन्यायानें चालून गेला तर त्याला कोणी धरावें? ज्याच्या शिरावर कोणी नाहीं त्याला कायदा कसला? आणि कायदाच नसेल, तर तो मोडला म्हणून जो तो आक्रोश कां करतो?

ही शंका आजची नव्हे. सुमारें चारशें वर्षांपूर्वीं हॉलंड देशांतील एका पंडितानें तिचें उत्तर शोधण्यांत आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें खर्च केलीं. राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, त्याला नियम आहेत, आणि ते विचारानें शोधून काढतां येतात, असें ज्यांनीं युरोपांत पद्धतशीरपणें मांडलें त्यांत त्यांचें नांव अग्रभागीं घेतात. त्यांचें घरचें नांव ह्यूग डी ग्रूट. त्या काळच्या विद्वानांच्या रिवाजाप्रमाणें त्याला लॅटिन रूप मिळालें व जग त्यांना ह्यूगो ग्रोशिअस या नांवानें ओळखूं लागलें.

ग्रोशिअस यांचा जन्म ता. १० एप्रिल १५८३ रोजीं डेल्फ्ट या गांवीं झाला. तो दिवस ईस्टरचा, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाचा, रविवार होता. वडील यान डी ग्रूट हे शहराचे नगराध्यक्ष झालेले व लायडन विद्यापीठाच्या व्यवस्थापकांपैकीं एक होते. घरांत पैसा होता, ग्रंथ होते व विद्वानांची ये-जा होती. पण काळ लढाईचा होता. हॉलंड व त्याच्या शेजारचे प्रांत १५६८ पासून स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्यासाठीं झुंजत होते. त्या लढ्याचा पुढारी ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याचा डेल्फ्टमध्येंच ता. १० जुलै १५८४ रोजीं गोळी घालून खून झाला. छोटा ह्यूगो तेव्हां सव्वा वर्षाचा होता. पुढें मध्यंतरीं बारा वर्षांची तहकुबी झाली तेवढी सोडली, तर ह्या मनुष्याचा देश त्याच्या जन्मापासून मरणापर्यंत लढतच होता. ज्यानें लढाईच्या नियमांवर ग्रंथ लिहिला त्याला लढाई पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

ज्या विद्यापीठांत तो शिकला त्याची जन्मकथाही लढाईचीच आहे. १५७४ सालीं स्पेनच्या फौजेनें लायडन शहराला वेढा दिला. लोक उपासमारीनें मरूं लागले, तरी शहर शरण जाईना. शेवटीं डच लोकांनीं आपल्याच हातानें समुद्राचे बांध फोडले, शेतांवर पाणी सोडलें, आणि त्या पाण्यावरून होड्या हांकून शहराला अन्न पोंचविलें. ह्या शौर्याचें बक्षीस म्हणून दुसऱ्या वर्षीं, १५७५ त, लायडनला विद्यापीठ देण्यांत आलें. पराक्रमाबद्दल जहागीर किंवा पदक न देतां कॉलेज देणारीं राज्यें इतिहासांत फारशीं आढळत नाहींत.

ह्यूगोची बुद्धि असामान्य होती. आठव्या वर्षीं तो लॅटिन भाषेंत कविता करूं लागला व अकराव्या वर्षीं लायडन विद्यापीठांत दाखल झाला. तेथें जोसेफ स्कॅलिजर या त्या काळच्या अग्रगण्य पंडिताची दृष्टि त्याच्यावर पडली व प्राचीन ग्रंथ कसे तपासावे, एका पोथीशीं दुसरी कशी ताडून पाहावी, हें शिक्षण त्याला मिळालें. पालकांना येथें एक नम्र विनंति आहे. हा परिच्छेद वाचून आपल्या अकरा वर्षांच्या मुलाकडे रागानें पाहूं नये. असे मुलगे शतकांतून एखादे होतात, आणि पुढें त्यांच्या वाट्याला जें आलें तें पाहिल्यावर सामान्य बुद्धीचा मुलगा असणें हेंही देवाचें देणेंच वाटूं लागतें.

पंधराव्या वर्षीं, म्हणजे १५९८ सालीं, हॉलंडचा मुख्य मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नव्हेल्ट याच्या वकिलातीबरोबर ह्यूगो फ्रान्सला गेला. राजा चवथा हेन्री यानें स्पेनशीं वेगळा तह करूं नये, अशी गळ घालण्यासाठीं ही मंडळी गेली होती. राजानें ह्या मुलाचें हॉलंडचें आश्चर्य म्हणून कौतुक केल्याचें सांगतात. तह मात्र त्यानें केलाच. परराष्ट्रनीतीचा हा पहिला धडा ह्यूगोला मोठ्या लहानपणीं मिळाला : राजे गोड बोलतात, आणि करतात तें आपल्या सोयीचें. त्याच प्रवासांत त्यानें ऑर्लेआँ येथील विद्यापीठाची कायद्याची डॉक्टर ही पदवी मिळविली व परत येऊन सोळाव्या वर्षीं हेग शहरीं वकिली सुरू केली.

येथून पुढें ज्या प्रकरणानें ग्रोशिअस यांना राष्ट्रांच्या कायद्याकडे वळविलें, त्याचा संबंध आपल्या समुद्राशीं आहे. म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. पुढें चौल व वसई येथेंही त्यांचे किल्ले झाले. हिंदी महासागरांतील व्यापार आपल्या परवानगीवांचून कोणीं करूं नये असा त्यांचा दंडक होता. कार्ताझ नांवाचा त्यांचा परवाना ज्याच्यापाशीं नसेल तें गलबत ते पकडीत व माल जप्त करीत. आदिलशहा व मोगल बादशहा यांच्या जहाजांनाही हा परवाना घेणें भाग पडे. ज्या समुद्रावर कोंकणातील खलाशी पिढ्यान् पिढ्या फिरत होते, त्यावर हजारों कोस दूरच्या राजाचा शिक्का लागूं लागला.

पुढें डच लोक या समुद्रांत शिरले. १६०२ सालीं त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, आणि ता. २५ फेब्रुवारी १६०३ रोजीं याकोब व्हान हेमस्केर्क या डच कप्तानानें सिंगापूरजवळ सांता कातारिना हें पोर्तुगीजांचें प्रचंड जहाज पकडलें. त्यांत चीनचें रेशीम, चिनी मातीचीं भांडीं वगैरे मौल्यवान माल होता. लिलांवांत त्याचे तीस लक्षांहून अधिक गिल्डर आले. कंपनीच्या कांहीं भागीदारांना मात्र हें धन घेणें रुचेना. ख्रिस्ती माणसानें लुटीचा वांटा घ्यावा काय, असा त्यांचा प्रश्न होता. तेव्हां ही पकड न्याय्य होती हें दाखवून देण्याचें काम एकवीस वर्षांच्या ग्रोशिअस यांच्याकडे आलें.

त्यांनीं त्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या हयातींत छापलाच गेला नाहीं. १८६४ सालीं एका लिलांवांत हस्तलिखित सांपडलें व १८६८ त तें प्रसिद्ध झालें. त्यांतील एक प्रकरण मात्र १६०९ सालीं, लेखकाचें नांव न घालतां, स्वतंत्र पुस्तकरूपानें निघालें. त्याचें नांव मारे लिबेरुम, म्हणजे मुक्त समुद्र. त्यांतील युक्तिवाद असा. हिंदुस्थान आम्हीं शोधून काढला हें पोर्तुगीजांचें म्हणणें व्यर्थ आहे; तो देश रोमन लोकांनाही ठाऊक होता, आणि जेथें माणसें राहतात, ज्यांना स्वतःचे राजे व कायदे आहेत, तो देश कोणी परक्यानें शोधला म्हणून त्याचा होत नाहीं. तेथील लोक ख्रिस्ती नाहींत एवढ्यानें त्यांचा मालकीचा हक्क बुडत नाहीं. पोपांनीं तो दान दिला म्हणावें, तर जें आपलें नाहीं तें दान देतां येत नाहीं. राहिला समुद्र. जमिनीला कुंपण घालतां येतें, समुद्राला येत नाहीं. एकाचें गलबत गेल्यानें दुसऱ्याची वाट झिजत नाहीं. म्हणून तो हवेप्रमाणें सर्वांचा आहे.

पौर्वात्य लोकांच्या राज्यांना युरोपांतील राज्यांप्रमाणेंच हक्क आहेत, हें १६०९ सालीं एका युरोपियन कायदेपंडितानें लिहावें, याचें महत्त्व आम्हांस सांगावयास नको. स्पॅनिश धर्मपंडित व्हिटोरिया यानें हा विचार त्यांच्यापूर्वीं मांडला होता व ग्रोशिअस यांनीं त्याचा आधार मोकळेपणानें घेतला आहे. परंतु सत्य सांगावयाचें तर पुरें सांगितलें पाहिजे. हें पुस्तक एका अशिलासाठीं लिहिलेलें होतें, आणि तें अशील म्हणजे एक व्यापारी कंपनी होती. पोर्तुगीजांची मक्तेदारी मोडून कंपनीला स्वतःची मक्तेदारी बसवावयाची होती. १६१३ सालीं ग्रोशिअस वकिलातीवर लंडनला गेले, तेव्हां तर फारच चमत्कारिक प्रसंग घडला. इंग्रजांनीं मसाल्याच्या बेटांत मुक्त व्यापार मागितला व आधारासाठीं मुक्त समुद्र हेंच निनांवी पुस्तक पुढें केलें. आणि ज्यांनीं तें लिहिलें तेच ग्रोशिअस समोर बसून सांगूं लागले कीं, तेथील राजांनीं आपला माल फक्त डचांना विकण्याचे करार केले आहेत, त्यांच्या संरक्षणासाठीं डचांनीं खर्च केला आहे, आणि करार पाळलेच पाहिजेत. युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हता. पण ते करार कोणत्या धाकाखालीं होत असत हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. पुढें १६२१ सालीं त्याच कंपनीचा अधिकारी यान पीटरझून कून यानें जायफळाच्या मक्त्यासाठीं बांदा बेटांवरील हजारों लोकांची कत्तल केली व उरलेल्यांना देशोधडीस लाविलें. आम्हीं हा दोष ग्रोशिअस यांच्या माथीं मारीत नाहीं. पण मोठ्या बुद्धीची लेखणीही भाड्यानें दिली म्हणजे ती अर्धेंच पाहते, हें येथें दिसून येतें.

इतकें झालें तरी मुक्त समुद्राचें तत्त्व त्या कंपनीहून दीर्घायुषी ठरलें. पोर्तुगालच्या बाजूनें सेराफिम द फ्रेइतास यानें १६२५ त व इंग्लंडच्या बाजूनें जॉन सेल्डन यानें १६३५ त त्याचें खंडन लिहिलें. वाद दीर्घकाळ चालला. शेवटीं किनाऱ्यालगतची पट्टी त्या त्या देशाची व पलीकडील खोल समुद्र सर्वांना मोकळा, असा मार्ग निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रविषयक करारांत ही पट्टी जास्तींत जास्त बारा सागरी मैलांची ठरविली आहे.

१६०८ सालीं ग्रोशिअस यांचा विवाह मारिया व्हान रायगर्सबर्ग या सुशील व करारी तरुणीशीं झाला. १६१३ त ते रॉटरडॅम शहराचे मुख्य कायदे-सल्लागार झाले. तिसाव्या वर्षीं विद्या, मान, घरदार सर्व होतें.

तेवढ्यांत हॉलंडच्या मंडळींत एक धर्मविषयक वाद पेटला. कोणाचें तारण व्हावें हें देवानें जगाच्या उत्पत्तीपूर्वींच अढळपणें ठरविलें आहे काय, कीं मनुष्याला ती कृपा स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक आहे, हा तो वाद. प्रश्न गूढ व नम्रपणें विचार करण्याजोगा. पण तो व्यासपीठावरून रस्त्यावर आला आणि रस्त्यावरून राजकारणांत शिरला. ओल्डनबार्नव्हेल्ट व ग्रोशिअस यांचें मत असें कीं, दोन्ही पक्षांनीं एकमेकांस सहन करावें, आणि सरकारनें त्यांना तसें करावयास लावावें. सेनापति राजपुत्र मॉरिस यानें दुसरा पक्ष उचलला. ता. २९ ऑगस्ट १६१८ रोजीं दोघांना कैद करण्यांत आलें. ता. १३ मे १६१९ रोजीं ओल्डनबार्नव्हेल्ट या एकाहत्तर वर्षांच्या वृद्धाचा हेग येथें शिरच्छेद झाला. पांचच दिवसांनीं ग्रोशिअस यांना जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची मालमत्ता जप्त झाली. चौकशींत ते आपल्या वृद्ध पुढाऱ्याइतके खंबीर राहिले नाहींत, असें अभ्यासकांचें म्हणणें आहे. एकांत कोठडींत नऊ महिने काढलेल्या माणसाविषयीं घरीं बसून कठोर बोलणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

लुव्हेस्टाइनचा किल्ला वाल व मास या नद्यांच्या संगमावर आहे. भोंवतीं पाणी, वर भिंती, दारांना कुलुपें. तेथें त्यांना ठेवलें. पण मारियाबाईंनीं मुलांसह तेथेंच राहण्याची परवानगी मिळविली, आणि मित्रांकडून ग्रंथ मागविण्याची सोय झाली. पलीकडच्या गोर्कम गांवाहून पुस्तकांनीं भरलेली एक मोठी पेटी येई. वाचून झालेलीं पुस्तकें व धुण्याचे कपडे घालून ती परत जाई. ग्रोशिअस यांनीं ह्या कोठडीची शाळा करून सोडली. हॉलंडच्या कायद्यावर सामान्यांस समजेल असा डच भाषेंतील ग्रंथ त्यांनीं येथें लिहिला. दूरदेशीं जाणाऱ्या खलाशांना नाना धर्मांचीं माणसें भेटतात, त्यांच्याशीं बोलतांना उपयोगीं पडावें म्हणून ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेवर एक पद्यग्रंथ रचला. पुढें १६२७ त त्यांनीं तो लॅटिन गद्यांत केला व १६६० त एडवर्ड पोकॉक यानें त्याचें अरबींत भाषांतर केलें. घरच्या एका नोकरालाही त्यांनीं तुरुंगांत कायदा शिकविला, आणि तो गडी पुढें खरोखरच वकील झाला. व्यायामासाठीं ते मोठा भोंवरा चाबकानें फिरवीत असत, असेंही सांगतात.

सुमारें दोन वर्षें अशीं गेलीं. मारियाबाईंच्या ध्यानांत आलें कीं, पहारेकरी पहिल्यापहिल्यानें पेटी उघडून पाहत, तें आतां कंटाळून सोडून देत आहेत. त्यांनीं पतीला पेटींत निजवून झांकण लाविलें व किती वेळ श्वास पुरतो याची तालीम दिवसेंदिवस घेतली. पेटी इतकी आंखूड कीं पाय दुमडून, अंग आंखडून पडावें लागे. हवा यावयाची ती कुलुपाच्या भोंकांतून. ता. २२ मार्च १६२१ रोजीं किल्लेदार बाहेरगांवीं गेलेला होता. मारियाबाईंनीं पतीला पेटींत घातलें. त्यांच्या डोक्याखालीं नव्या कराराचें पुस्तक होतें असें म्हणतात. पलंगाचे पडदे ओढून, त्यांचे कपडे खुर्चीवर ठेवून, ते आजारी असल्याचा बहाणा केला. शिपाई पेटी उचलतांना वजनाविषयीं कुरकुरले, पण तिच्याबरोबर एल्शे व्हान हाउवेनिंग नांवाची त्यांची तरुण मोलकरीण होती, आणि ती अत्यंत धीट मुलगी होती. होडीनें नदी ओलांडून पेटी गोर्कमला एका स्नेह्याच्या घरीं पोंचेपर्यंत तिनें चेहऱ्यावरची रेषाही हलूं दिली नाहीं. तेथें झांकण उघडलें तेव्हां ग्रोशिअस जिवंत होते. गवंड्याचे कपडे घालून, हातांत थापी व गज घेऊन ते भरदिवसां गांवांतून बाहेर पडले व अँटवर्पला पोंचले.

मारियाबाई मात्र कोठडींतच मागें राहिल्या होत्या. पती सुरक्षित पोंचले असतील अशी खात्री झाल्यावर त्यांनीं स्वतःच अधिकाऱ्यांना खरा प्रकार सांगितला. कांहीं दिवस त्यांना अडकवून ठेवण्यांत आलें. पण पतीला सोडविल्याबद्दल पत्नीला शिक्षा करण्याची लाज सरकारलाही वाटली असावी. त्यांची सुटका झाली व त्या पॅरिसला पतीकडे गेल्या.

फ्रान्सचा राजा तेरावा लुई यानें ग्रोशिअस यांना वर्षासन बांधून दिलें. तें कधीं मिळे, कधीं मिळत नसे. घर भाड्याचें, मुलें लहान, देश बंद. आतां त्यांना कोणी अशील नव्हतें, कोणतें सरकार किंवा कंपनी पाठीशीं नव्हती. याच स्थितींत त्यांनीं आपला मुख्य ग्रंथ लिहिला. तो १६२५ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. त्याचें नांव दे युरे बेली आक पाकिस, म्हणजे युद्धाचा व शांततेचा कायदा. त्या वेळीं जर्मनींत ज्या युद्धाला पुढें तीस वर्षांचें युद्ध हें नांव पडलें, तें सुरू होऊन सात वर्षें झालीं होतीं. ख्रिस्ताचें नांव घेणारीं राष्ट्रें क्षुल्लक कारणांवरून किंवा कारणावांचून शस्त्र उपसतात, आणि एकदां उपसलें कीं देवाची वा माणसाची मर्यादा म्हणून राहत नाहीं, हें पाहून आपण लिहावयास बसलों, असें त्यांनीं प्रस्तावनेंत सांगितलें आहे.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. विद्यार्थ्याची जी शंका आरंभीं दिली, तिला ग्रोशिअस प्रस्तावनेंतच सामोरे जातात. बलिष्ठाला कायदा नाहीं, जें फायद्याचें तेंच न्याय्य, असें म्हणणारे लोक प्राचीन ग्रीसमध्येंही होते. त्यांना ग्रोशिअस यांचें उत्तर असें कीं, मनुष्य स्वभावतःच दुसऱ्याच्या संगतीनें राहणारा प्राणी आहे. ती संगत टिकावयाची तर दुसऱ्याचें घेऊं नये, घेतलेलें परत करावें, दिलेलें वचन पाळावें, झालेलें नुकसान भरून द्यावें, हे नियम बुद्धीलाच दिसतात. देव नाहीं अशी घोर पापाची कल्पना क्षणभर केली तरी ह्या नियमांना कांहीं बळ राहीलच, असें लिहिण्यापर्यंत हा भाविक मनुष्य गेला. आजच्या किरकोळ लाभासाठीं कायदा मोडणारा नागरिक स्वतःच्याच घराची भिंत पाडतो. राष्ट्राचेंही तसेंच आहे. कोणतेंही राष्ट्र इतकें बलवान नसतें कीं त्याला दुसऱ्याची गरज कधींच लागणार नाहीं, आणि त्या दिवशीं त्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? पोलीस नाहीं म्हणून कायदा नाहीं असें नव्हे. पोलीस नसला तरी पत आहे, लोकमत आहे, विवेक आहे, आणि देव पाहतो आहे.

दुसऱ्या भागांत युद्धाचीं कारणें तपासलीं आहेत. स्वसंरक्षण, हिरावलेली वस्तु परत मिळविणें, अपराधाचें शासन, हीं न्याय्य. पण शेजारी बलवान होत आहे एवढ्या भीतीनें केलेलें युद्ध न्याय्य नव्हे. अधिक सुपीक जमीन हवी म्हणून केलेलें नव्हे. तुमच्याच हितासाठीं तुमच्यावर राज्य करतों असें म्हणून केलेलें नव्हे. आणि एखाद्या लोकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाहीं म्हणून त्यांच्यावर शस्त्र धरणें, हेंही त्यांनीं स्पष्टपणें अन्याय्य ठरविलें आहे. विश्वास तरवारीनें उत्पन्न होत नाहीं हें तुरुंगवासानंतर त्यांना अधिकच पटलें असेल. वाद उपस्थित झाला तर राजांनीं एकत्र जमून किंवा पंच नेमून तो मिटवावा, अशी सूचनाही त्यांनीं ह्याच भागांत केली.

तिसरा भाग प्रत्यक्ष लढाईचा आहे, आणि त्यांत एक विलक्षण वळण आहे. प्रथम ते राष्ट्रांच्या रूढीप्रमाणें जेत्याला काय काय करतां येतें याची भयंकर यादी देतात. आणि मग मागें वळून एकेक हक्क परत घेऊं लागतात. रूढि शिक्षा करीत नाहीं म्हणून तें कृत्य निर्दोष होत नाहीं, असें त्यांचें सांगणें. बालकें, स्त्रिया, वृद्ध, धर्मोपदेशक, शेतकरी, व्यापारी, शरण आलेले कैदी, यांचे प्राण वांचवावे. शत्रूला दिलेलें वचनही पाळावें. ग्रंथांत प्रत्येक ठिकाणीं बायबल, ग्रीक-रोमन इतिहासकार, कवि, तत्त्ववेत्ते यांचे आधार दिले आहेत. आजचा वाचक त्या गर्दीनें थकतो. दोषही आहेत. गुलामगिरी त्यांनीं मान्य केली. निसर्गाविरुद्ध घोर अपराध करणाऱ्यांना परक्या राजानेंही शासन करावें, हें जें दार त्यांनीं उघडें ठेवलें, त्यांतून पुढें राज्यलोभी लोकांनीं पुष्कळ ये-जा केली. तरीपण राष्ट्रांच्या व्यवहारावर पुढें जो जो लिहावयास बसला, त्याला ह्या ग्रंथाशीं सहमत व्हावें लागलें किंवा भांडावें लागलें. तो टाळून जातां आलें नाहीं. स्वीडनचा पराक्रमी राजा गुस्ताव्ह अडॉल्फ हा मोहिमेवर ह्याची प्रत जवळ बाळगी, अशी आख्यायिका आहे.

कीर्ति युरोपभर झाली, पण मन डेल्फ्टला होतें. राजपुत्र मॉरिस वारला होता. १६३१ च्या ऑक्टोबरांत ग्रोशिअस धाडस करून हॉलंडला परतले. क्षमा मागा, म्हणजे राहूं देऊं, असा मार्ग मोकळा होता. त्यांनीं ती मागितली नाहीं. क्षमा मागणें म्हणजे अपराध कबूल करणें, आणि आपण अपराध केलेला नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. मारियाबाईंचेंही मत तेंच होतें. एक ओळ लिहिली असती तर घर मिळालें असतें. १६३२ च्या एप्रिलांत, डोक्यावर बक्षीस लागलेलें, अशा स्थितींत त्यांनीं दुसऱ्यांदा देश सोडला तो कायमचाच.

स्वीडनचा चान्सेलर ऑक्सेनस्टिएर्ना यानें त्यांना आपला वकील नेमून पॅरिसला पाठविलें. १६३५ पासून दहा वर्षें त्यांनीं ही नोकरी केली. राष्ट्रांच्या कायद्याचा आचार्य हा मुत्सद्दी म्हणून मात्र बेताचाच निघाला. कार्डिनल रिशेल्यू याच्याशीं त्यांचें जमेना. कोणाची गाडी पुढें जावी, कोणीं आधीं बसावें, असल्या मानपानांत त्यांचा वेळ गेला. ज्याला ग्रंथांत दोन्ही बाजू दिसतात त्याला दरबारांत एक बाजू लपवितां येत नाहीं, हें त्याचें कारण असावें. उरलेल्या वेळांत ते नव्या व जुन्या करारांवर टीपा लिहीत आणि विभागलेल्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र कशा येतील याचा विचार करीत. त्यामुळें सर्वच पक्ष त्यांच्यावर रागावले.

१६४५ सालीं त्यांना परत बोलावण्यांत आलें. स्टॉकहोमला राणी क्रिस्तिनानें सन्मान केला, पण ते तेथें राहिले नाहींत. ऑगस्टमध्यें ते जहाजानें निघाले. बाल्टिक समुद्रांत वादळ झालें व जहाज पोमेरानियाच्या किनाऱ्याला लागलें. ज्यानें समुद्र सर्वांना मोकळा म्हणून ठरविलें, त्याला समुद्रानें असें किनाऱ्यावर टाकलें. तेथून उघड्या गाडींतून, पावसांत, आजारी अवस्थेंत प्रवास करीत ते रॉस्टॉक या गांवीं पोंचले. क्विस्टॉर्प नांवाचे तेथील लूथरन पाळक त्यांच्या उशाशीं आले व त्यांनीं परूशी व जकातदार यांचा दाखला सांगितला. तो जकातदार आपणच, असें त्या मरणोन्मुख पंडितानें सांगितलें. ता. २८ ऑगस्ट १६४५ रोजीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. तीन वर्षांनीं, १६४८ त, वेस्टफालियाच्या तहांनीं ती लांबलेली युद्धें संपलीं.

जिवंतपणीं ज्याला देशांत येऊं दिलें नाहीं, त्याचें शव डेल्फ्टला आणून विल्यम राजपुत्राची कबर आहे त्याच नव्या चर्चमध्यें पुरण्यांत आलें. १८९९ सालीं हेग येथें पहिली शांतता परिषद भरली असतां अमेरिकेच्या प्रतिनिधींनीं ता. ४ जुलै रोजीं त्या कबरीवर चांदीचा हार वाहिला. त्या परिषदेतून राष्ट्रांच्या पंचायतीचें एक कायम न्यायमंडळ निघालें, आणि त्याच्यासाठीं हेग येथें बांधलेला शांततेचा वाडा ता. २८ ऑगस्ट १९१३ रोजीं, म्हणजे ग्रोशिअस यांच्या मृत्यूच्याच तारखेस, उघडण्यांत आला. बरोबर एका वर्षानें युरोपांत पहिलें महायुद्ध चालू होतें.

ती पेटी मात्र कोणती, याविषयीं एकमत नाहीं. अॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयांत एक आहे, डेल्फ्टला एक आहे, आणि लुव्हेस्टाइनच्या किल्ल्यांतही एक दाखवितात. धीट एल्शेचें पुढें त्याच नोकराशीं लग्न झालें, ज्यानें मालकापाशीं तुरुंगांत कायदा शिकून वकिली मिळविली होती.